बाइंडिंग

अल्व्हरस्टनच्या उतरत्या गल्लीत माझं दुकान.
नोव्हेंबर आला की दार फुगतं, चौकट सोडत नाही.
इथले लोक म्हणतात, दार बाइंड होतंय.
मंगळवारी नेल ब्रेथवेट खांदा लावून आत आली,
काखेत बापाची वही:
मेंढ्यांचा हिशोब, बावन्न सालापासून.
पाठ निखळलेली, पानं सुटी,
आणि सगळं मिळून निळ्या सुतळीनं आवळलेलं.
गवताचे गठ्ठे बांधायची ती प्लॅस्टिकची सुतळी,
जिच्यावर इथली निम्मी शेतं उभी आहेत:
फाटकाची कडी, कुत्र्याचा पट्टा,
मेलेल्या नवऱ्याची विजार.

“बाइंडिंग करायचंय,” म्हणाली,
आणि स्वतःशीच हसली.
सकाळी वकिलानं हाच शब्द
सहीच्या जागेवर बोट ठेवून वाचून दाखवला होता.
“बाइंडिंग. म्हणजे शेत गेलं. आता मागे फिरणं नाही.”

एवढाच एक शब्द, आणि किती ठिकाणी राबवतात त्याला.
माशाच्या वड्या फुटू नयेत म्हणून फेटलेलं अंडं,
रजईच्या काठावरची तिरकी पट्टी.
नेलचा नातू बर्फावर घसरायला गेला,
बूट फळीला जखडून ठेवणारं लोखंड, तेही बाइंडिंगच.
पडताना ते सुटायला हवं होतं.
सुटलं नाही. गुडघा गेला.

मी वही उघडली.
मेंढ्यांना नावं नव्हती, नुसत्या खुणा:
उजव्या कानाला खाच, पाठीवर लाल ठिपका.
त्रेसष्टच्या फेब्रुवारीत एकच ओळ, पेन्सिलीनं:
बर्फ. चाळीस गेल्या. मुलगी झाली.

“घट्ट शीव,” नेल म्हणाली. “एक पान पडता कामा नये.”
मी म्हणालो, फार घट्ट शिवली
तर मधले आकडे घडीत जातात,
मांडीवर ठेवली की वही आपली आपण मिटते.
मणक्यात थोडं सैल लागतं.
“आणि पडलीच पानं तर?”
सरस तापत होता. मी तो ढवळत राहिलो.

निघताना तिनं सुतळी परत मागितली.
दोन बोटांवर आठाचा आकडा घालत गुंडाळली, सवयीनं,
आणि कोटाच्या खिशात टाकली.
बांधायला फाटक उरलं नव्हतं.
मग दाराला खांदा लावून ढकलू लागली,
एकदा, दोनदा.

“तसं नाही, नेल,” मी म्हणालो,
“आतून ओढ लागते त्याला.”