चौथ्यांदा

कुताइसीच्या बाजारात, घड्याळांच्या दुकानात
मुरिया काउंटरवर उताणी पडते,
चार पाय चार दिशांना,
आणि दुधात कालवलेल्या राखेच्या रंगाचं पोट
उघडं.
मीटर बघायला येणारा बादरी
लांबूनच टोपी काढतो तिला.

मी नवा होतो. हात घातला.
आधी डोळे मिटले तिने,
मग घुरघुर, दुकानातली सगळी घड्याळं
तिच्या पोटात चालू असल्यासारखी.
तिसऱ्यांदा शेपटीचं टोक हललं,
सेकंदकाट्याएवढं.
ते मला वाचता येत नव्हतं.
चौथ्यांदा मनगटात दात,
वर मागच्या पायांच्या लाथा.

नाझिब्रोलाने भिंगातून डोळाही काढला नाही.
"दाखवलं म्हणजे दिलं नव्हे," म्हणाली,
आणि द्राक्षाच्या दारूची बाटली सरकवली.
जखमेसाठी.

परवा वीज गेली.
मेणबत्तीपाशी ती आपणहून सांगू लागली:
बातुमीचं बंदर, कुणी एक खलाशी,
परत आलेली पत्रं,
एकाच पाकिटात सगळी.
मग नुसती टिकटिक.

"पुढे?" अगदी ओठांवर आलं होतं.
तिची करंगळी टेबलावर
जराशी हलली.

मी भिंग पुसायला घेतलं.