शिट्टी काढलेला कुकर

प्रमिलाला मेडिकलला नाइट लागली,
नेमकी चोवीस डिसेंबरला,
म्हणून बिस्किटं आमच्यावर आली.
माझ्यावर आणि सुवार्तावर, वय वर्षं सात.

अजनीच्या क्वार्टरमध्ये ओव्हन नाही.
कुकरची शिट्टी काढायची, रबर काढायचं,
तळाला किलोभर मीठ, मिठावर उलटी वाटी,
वाटीवर जर्मनची ताटली.
हे सगळं प्रमिलानं लिहून ठेवलं होतं
वॉर्डातल्या तापाच्या तक्त्यामागे.
संत्र्याची साल किसून घाला.
पीठ लाडानं मळा.
लाडानं म्हणजे किती वेळ, ते नव्हतं.

मी लोको शेडचा माणूस.
बेअरिंग किती तापलंय
हे हाताच्या पाठीला कळतं, न टेकवताच.
मैद्याचं तसं नाही.
मैदा बराच वेळ पांढरा राहतो
आणि मग एकदम काळा.

पहिला घाणा गेला.
तेवढ्यात कॅरलवाले दारात.
कानटोप्या, मफलर, दोन तारा तुटलेली गिटार.
गाण्याच्या आधी तोंडातून वाफ.
जळकी बिस्किटं त्यांनी संपवली.
शिरसाट मास्तर म्हणाले, खमंग आहेत.
सणाला एवढं खोटं चालतं.

दुसऱ्या घाण्याला चांदण्या.
साचा नाही, सुरीनं कापल्या,
तिच्या चांदणीचं एखादं टोक कमी,
माझी सरळ पान्यासारखी.
मधोमध खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं भोक.
"बाबा, काय करून राहिले?
खिडकी मोठी पाहिजे ना!"

खिडकीला काच म्हणजे लिमलेटच्या गोळ्या.
फडताळातली बरणी प्रमिलाची, लहान मुलांच्या वॉर्डासाठी,
इतवारीतून किलोनं आणलेली.
सुई टोचली की एक,
ड्रेसिंग असलं तर दोन,
रंग ज्याचा त्यानं निवडायचा.
तिच्या एप्रनचा उजवा खिसा कायम चिकट.
आम्ही मूठभर घेतल्या, न विचारता.
रुमालात गुंडाळून बत्त्यानं फोडल्या.
लाल एका वाटीत, हिरव्या एकीत, नारिंगी एकीत.
खालून मेश्रामबाई ओरडल्या,
एवढ्या रात्री काय कुटून राहिले हो?
सुवार्ता म्हणाली, काचा!

झाकण उघडलं तेव्हा
साखर वितळून काठापर्यंत गेली होती.
लाल तर असं, सिग्नलच.
गार होईपर्यंत हात लावायचा नाही, मी म्हटलं,
आणि वळून बघितलं तर ती
ओट्याला टेकून झोपलेली, भुवयांना मैदा.

साडेआठला स्कूटी आली.
प्रमिलानं हात कोपरापर्यंत धुतले,
त्याशिवाय ती पोरीला जवळ घेत नाही.
मग खिसा टेबलावर रिकामा केला.
पेन, कापसाचा बोळा, एक पिवळी गोळी.

"ही उरली?"
"सोळा नंबरची. त्याला पिवळीच लागायची."
"मग दिली काऊन नाही?"
"सुट्टी झाली त्याला. रात्री तीनला."

रात्री तीनला कुणाला सुट्टी देत नाहीत.
हे मला माहीत आहे.
सुवार्ताला एवढंच दिसलं
की आपल्याकडे पिवळी खिडकी एकही नाही.

परातीच्या कडेचं खरवडून
एका चांदणीपुरतं पीठ निघालं.
मीठ पुन्हा तापवलं.
त्या एका बिस्किटासाठी तिघं कुकरभोवती उभे,
आणि शिट्टी नसलेला कुकर
काहीच सांगत नाही.

गार झाल्यावर सुवार्तानं ते उन्हात धरलं.
प्रमिलाच्या गालावर पिवळा ठिपका पडला,
रुपयाएवढा.
"आई, हलू नको."
ती हलली नाही.
बराच वेळ.

मग तिनं ते पोरीच्या हातातून घेतलं
आणि उभ्यानंच खाल्लं.
काच दाताखाली कडकन वाजली.
मी म्हटलं, उपासनेला वेळ आहे, पड जरा.
ती म्हणाली,
बरणीत किती राहिल्या?

मी मोजायला बसलो.