धावपट्टी क्रमांक सोळा

आयडाहोच्या उत्तरेला, गव्हाच्या शेवटच्या कोठारापलीकडे
एक धावपट्टी आहे. आठवड्याला चार विमानं,
त्यातली दोन फवारणीची.
देखभाल मार्वा हॅडलॉक बघते.
वय एकसष्ट, डावा गुडघा नवा.

भाऊ आर्वेल वर राहतो, पाच हजार फुटांवर.
समुद्रकाठचं घर त्यानं मिळेल त्या भावात फुंकलं,
कारण कुणाच्याशा नकाशात
त्या घरावर निळा रंग होता.

म्हणे सूर्याला एक जोडीदार आहे,
काळपट, विझत आलेला.
युगायुगांनी परततो,
आणि तो जवळून गेला की पृथ्वी कूस बदलते:
ध्रुव जाऊन पडतो उन्हाच्या देशात,
मासे येतात देवदारांच्या शेंड्यांवर.
उरतात फक्त उंचावरचे,
ज्यांच्याकडे वाटाणे आहेत, मीठ आहे,
आणि दारावर आतून घालायची कडी.

तीन तारखा येऊन गेल्या.
पहिलीच्या वेळी लोआ होती, त्याची बायको.
तिनं चाळीस बरण्या पीच भरले,
प्रत्येक झाकणावर ती तारीख घातली,
जणू तेवढ्यापुरतेच टिकायचे होते.
दुसरीच्या वेळीही होती, पण बोलत नव्हती.
तिसरीच्या आधीच गेली,
बहिणीकडे, समुद्रकाठीच.
आर्वेलनं गणित पुन्हा मांडलं.
त्यात लोआ कुठेच नव्हती,
तरी उत्तर दरवेळी चुकत होतं.

रोज मावळतीला तो वेल्डरची काच डोळ्यांना लावतो.
सूर्याच्या कडेला एक ठिपका दिसतो, तांबूस.
काच तिरकी केली की ठिपकाही सरकतो.
हे त्याला माहीत आहे.
काच तो तिरकी करत नाही.

मी ज्या भाषेत हे लिहितो आहे
तिथे ध्रुव म्हणजे अढळ.
बापाच्या मांडीवरून उठवलेलं पोर,
जिथून कुणी उठवणार नाही
अशी जागा हट्टानं मिळवून बसलेलं.
मार्वाला ही गोष्ट कुणी सांगितलेली नाही.
तिला आलं आहे सरकारी पत्र:
चुंबकीय उत्तर सरकली आहे, सबब
पंधराचा सोळा करावा, दुसऱ्या टोकाच्या
तेहतीसचा चौतीस. रंग पांढरा.
रंगाचे पैसे मागाहून मिळतील.

तिनं फोन लावला.
"आर्वेल, ध्रुव हललाय."
पलीकडे इतका वेळ शांतता
की तिला भट्टीतलं लाकूड तडकलेलं ऐकू आलं.
"किती?"
"वर्षाला अंशाचा दहावा भाग. लिहून आलंय."
"एवढाच?"
"एवढाच. दोरी धरायला ये."

आला. ट्रकमध्ये ती पिशवी होतीच:
मुखवटा, दिवे, आयोडीनच्या गोळ्या.
त्यांच्या लिपीतला पाच सोपा असतो,
पोटाला डावीकडून एक जाड रेघ जोडली
की सहा होतो.
दोघं गुडघ्यांवर बसून रेघ ओढत होते,
ती उजव्या गुडघ्यावर, तो दोन्ही.
"गेल्या वेळी बाबांनी केलं होतं," ती म्हणाली,
"चौदाचं पंधरा."
"त्यांनी मला सांगितलं नाही."
"तू विचारलं नाहीस. तू तेव्हा
सगळं एकदम होईल म्हणत होतास."

मधल्या वेळात पीच खाल्ले, बोटांनीच.
फार मऊ झाले होते, पण गोड.
झाकण त्यानं पालथं ठेवलं,
मग पुन्हा सुलटं केलं. लोआचं अक्षर.

तेहतीसचं उद्या बघू, असं ठरलं.
तिथला दुसरा तीन आधी काळा करून पुसावा लागतो.
रंग सुकायला चार तास.
"तोवर कुणी उतरायचं नाही," मार्वा
डबा बंद करता करता म्हणाली, वैमानिकांना उद्देशून.
आर्वेलनं मान वर केली,
पश्चिमेकडे पाहिलं,
काचेशिवाय.