एका दिवसाचा फरक

झाशी रोडवरच्या महालेखाकार कार्यालयात
एकतीस वर्षं मी लोकांचे हिशेब तपासले.
पुलात न पडलेलं सिमेंट,
हजेरीपटावर जिवंत असलेले मेलेले मजूर.
फरक दिसला की हिरव्या शाईची खूण
आणि समासात एक प्रश्न.
घरातला फरक मात्र तसाच राहिला.

गजकच्या पत्र्याच्या डब्यात
आजीच्या लुगड्याच्या पदराची एक पट्टी आहे.
बेचाळीस साली रंगून सोडलं त्या दिवसापासून
रोज संध्याकाळी तिनं एक गाठ मारली,
शब्बाथला दुहेरी.
जंगलात कॅलेंडर नसतं,
आणि शनिवार चुकू द्यायचा नव्हता.

एकूण गाठी एकेचाळीस.
आता तीसच उरल्यात.
माझ्या वहिनीनं एका दिवाळीच्या सफाईत
पट्टी धुऊन इस्त्रीला घेतली होती,
आत्या किंचाळेपर्यंत अकरा सुटल्या.
त्यांच्या जागी वळ्या आहेत.
आत्याला डोळ्यांनी दिसत नाहीत, बोटांनी दिसतात.

तामूचा घाट, पालेल, मग इंफाळ,
पुढे दिमापूरची छावणी.
तिथल्या तक्त्यावर खडूनं लिहिलं होतं, शुक्रवार.
गाठी म्हणत होत्या, गुरुवार.
आजोबा कारकुनाशी भांडले:
वाकरूळकरांच्या घरात शब्बाथ कधी चुकला नाही,
तुमचाच खडू चुकला असेल.
आजी भांडली नाही.
ती उठली, आणि दिव्यासाठी
रांगेतल्या बायकांकडे तेल मागत फिरली.

पुढे ग्वाल्हेरला छोट्या रेल्वेत आजोबांना नोकरी लागली.
नमाजाला दहा पुरुष कधी जमले नाहीत,
पण मलिद्याला शेजारचे शिंदे, कुशवाह, सगळे यायचे,
आणि पोहे-खोबरं चघळत कुणीतरी विचारायचंच,
काय हो, त्या एका दिवसाचं काय झालं?
आजोबा म्हणायचे, आमची ही विसरली.
आजी पेल्यात पाणी ओतायची, पाण्यावर तेल,
आणि वात नीट मधोमध आहे ना, ते बघायची.

आता अश्दोदहून माझा भाचा फोन करतो.
त्यानं घराण्याचा तक्ता केलाय, नावं, तारखा, गावं,
शेवटी एक रकाना, 'टीप'.
मावशी, चालत किती दिवस? एकेचाळीस की बेचाळीस?
त्याचं मराठी माझ्या हिब्रूइतकंच मोडकं,
पण प्रश्न बरोबर होता. समासातला.

म्हणून मुरारच्या खोलीत, थंडीत,
आत्याच्या रजईवर मी फोन ठेवला. लाल ठिपका सुरू.
तेव्हा ती आठ वर्षांची होती. आता एक्क्याण्णव.
तिनं पट्टी हातात घेतली,
जपमाळेसारखी नव्हे,
भाजीवाली मेथीची जुडी चाचपते तशी,
आणि तेविसाव्या गाठीपाशी थांबली.

'आई विसरली नव्हती,' ती म्हणाली.
'गाठ मारायला दोन हात लागतात.'

बाहेर टेम्पो गेला. कुत्री भुंकली.
मी काही विचारलं नाही.
बऱ्याच वेळानं ती पुन्हा बोलली:
'शलोम सकाळीच थंड झाला होता.
बाबा म्हणाले, दे. पुढचे लोक निघालेत.
तिनं दिला नाही. तो पूर्ण दिवस, ती पूर्ण रात्र.
दुसऱ्या दिवशी एका झाडाखाली हात मोकळे झाले.
संध्याकाळी गाठ मारली. एकच.
आदल्या दिवसाची मारायला मी सांगितलं होतं.
मला मोजता येत होतं ना.
तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं.'

आमच्या घरात शलोम हे नाव कुणाचंच नव्हतं.
ते का, हे मी कधी तपासलं नाही.

तक्ता उघडला. लिहिलं:
दिवस बेचाळीस. गाठी एकेचाळीस.
फरक: शलोम, वय दीड वर्ष.

आत्या म्हणाली, मोठ्यानं वाच.
मी वाचलं.
तिनं रजई पायांवर ओढून घेतली.
'दीड नव्हे,' ती म्हणाली.
'एक वर्ष, सात महिने. नीट लिही.'