बूड

सदरच्या दुकानात कूलर आहे, पाणी नाही.
अश्फाक मिस्त्री बोल्ट काढून बाजूला ठेवतो,
नळी खिडकीकडं धरून आरपार बघतो.
"बाहेरून काय समजते, बाई?
बूड अंदर आहे. खोलावंच लागते."

शिक्का पुसलेला. ना कंपनी, ना साल.
कलेक्टर कचेरीच्या तीन चकरांनी मिळालेला कागद
मी पर्समध्ये पुन्हा घडी घालते.

दुसऱ्या दिवशी लाकडी जबड्यात नळी, रिसीव्हरला पाना.
रात्रभर रॉकेल पिऊन बसलेली ती
एकदा कुरकुरते, सुटते.

व्हर्नियर. चष्मा. पुन्हा व्हर्नियर.
कानामागची पेन्सिल निघते, परत जाते.
इंचाला बारा आटे पाहिजेत,
गेजचं पातं बसत नाही.
तेराचंही नाही.
वहीतल्या एकाही रकान्यात हे माप नाही.

मग तो आट्यांवरून नख फिरवतो, हळू,
शेवटच्या वेढ्यापाशी थांबतो.
तिथं एक खाच, तिरपी.

"कामठीचा लेथ. पायानं चालवायचा.
अब्बाचा हात इथंच घसरे."

नवी नळी बसणार नाही, म्हणतो.
पैसे घेत नाही.
जुनीच, तेल लावून,
हातानं फिरवत आत नेतो
आणि अर्धा आटा बाकी ठेवून उठतो,
नळाला पाणी आलं का बघायला.