टोइग

तिसऱ्यांदा नापास झाले.
मागे घेताना पुन्हा तोच नारिंगी शंकू आडवा,
आणि परीक्षक खिडकीबाहेर बघत म्हणाला,
"पुढच्या महिन्यात या."
एवढंच म्हणाला तो.
बाकीचं सगळं मी म्हणाले.

मागच्या सीटवर एक बाई बसते.
दुल्गून म्हणतो, गाडीत आपण दोघंच आहोत, मावशी.
त्याला नाही दिसत.
माझाच खोकला खोकते ती,
माझ्याच शालीचा कोळशाचा वास तिच्या शालीला.
"एवढी घोडी झालीस," म्हणते, "आणि आत्ता निघालीस गाडी शिकायला?
पालथ्या घड्यावर पाणी.
मेंढ्या तरी कुठे राखता आल्या तुला."

इथे मी गप्प होते.
त्या हिवाळ्याचा हिशेब तिला तोंडपाठ आहे:
चारशे बारा.
गवतावर बर्फ, बर्फावर काच,
आणि सकाळी उभ्या जागी थिजलेला कळप.
तेव्हा तंबू गुंडाळून आम्ही उलानबातरला आलो,
टेकडीवर, फळ्यांच्या कुंपणात.
शेजारीण म्हणते, आभाळाला कोण हात लावणार, बाई?
तिचं खरं वाटत नाही.
मागच्या सीटवरचीचं वाटतं.

काल रात्री शेगडीत शेण सारताना
तिनं पुन्हा चारशे बारापासून सुरुवात केली,
आणि माझी बोटं आपोआप मांडीवर ठेका धरू लागली.

वसंतात एखादी पहिलटकरीण
आपल्याच पिलाला हुंगते आणि लाथ मारते.
हे माझं नव्हे, म्हणते.
तिला कुणी समजावत नाही.
पिलाच्या पाठीला मीठ चोळायचं,
शेजारी उकिडवं बसायचं,
आणि म्हणत राहायचं: टोइग, टोइग, टोइग.
अर्थ काही नाही त्याला.
दोन दोन दिवसांच्या वाटेवरून माणसं मला न्यायला यायची,
त्सेंडसुरेनच्या गळ्याला गुण आहे म्हणत.

हे मी विसरलेच होते.
की तिनं विसरायला लावलं?

मग अंधारात, दार लावून, म्हणून पाहिलं.
हलक्या आवाजात.
लाज वाटली. एवढी मोठी बाई
शेगडीपाशी बसून स्वतःलाच...
आणि खरं सांगायचं तर कळेनाच,
आम्हा दोघींत मेंढी कोण, पिलू कोण.
तरी म्हणत राहिले.
ती थांबली नाही. मीही नाही.
पहिल्या रात्री मेंढीसुद्धा लाथच मारते,
हे मला नवीन नाही.

आज सकाळी दुल्गूननं शंकू मांडला.
उणे बावीस. काचेवर वाफ.
मागे घेतली, आणि पाडला.
मागून तिनं श्वास घेतला, बोलण्याआधी घेतात तसा.
"टोइग," मी म्हणाले.
"काही म्हणालीस, मावशी?"
"तुला नाही."

मागे जराशी हालचाल झाली,
कुणीतरी हुंगल्यासारखी.
मी उतरले, शंकू उभा केला,
हातमोज्यावरचा बर्फ झटकला,
आणि गाडी पुन्हा मागे घेतली.