वाढत्या अंगाचं माप

कुंबोच्या चढावर माझं शिवणाचं दुकान.
वहीत ते पान अजून आहे.
बेरिन्युय: उंची, छाती, घेर.
वेर्झेकोव्ह: छाती चोवीस, डावा खांदा किंचित खाली.
लुकोंगच्या जुळ्या मुली. एकीचं माप घेतलं, दुसरीचं तेच.
असे एकोणचाळीस गणवेश, आकाशी निळे,
प्रत्येकाच्या काठाला आत तीन बोटं दुमड,
कारण पोरं म्हणजे भेंडीच,
रात्रीतून वाढतात.

त्याच सप्टेंबरात शाळा जळली.
कुणी म्हणालं सैनिकांनी, कुणी म्हणालं जंगलातल्या पोरांनी.
धूर तर एकाच रंगाचा होता.
दारावर चिठ्ठी होती, शाळेत दिसेल त्याचं काय होईल याची.
शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या तीत.

गणवेश खिळ्यांना टांगलेले राहिले.
पैसे अर्धेच आले होते. मागायला मी गेले नाही,
न्यायला कुणी आलं नाही.
मुलं वाढत राहिली, बिनमापाची.

मग एका संध्याकाळी बेरिन्युयची आई
फुलाफुलांचं कापड घेऊन आली.
साधाच झगा, म्हणाली, पण पाठीला आतून खिसा हवा,
दोनशेपानी वही मावेल एवढा.
मी काही विचारलं नाही.
आता बेरिन्युय डोक्यावर टोपली घेऊन निघते.
चौकीवर सैनिक अळकुड्या उपसून बघतात,
पुढच्या वळणावर ती पोरं उपसून बघतात,
आणि ती पाठीवर अपूर्णांक घेऊन
कुणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरते,
जिथे मास्तर दारामागे कोळशाने लिहितात
आणि ओल्या तळव्याने पुसतात.
असे सतरा झगे शिवले मी. सोमवारी नाही.
सोमवारी गाव मेल्याचं सोंग घेतं,
आणि मशीनचा आवाज पार रस्त्यापर्यंत जातो.

परवा दारात उंच सावली.
बंदूक त्याने इस्त्रीच्या टेबलावर ठेवली,
भिजलेली छत्री ठेवावी तशी, कडेला.
जाकीट हवं. पुढे आठ खिसे, अरुंद.
हात पसरून उभा राहिला. टेप फिरवताना दिसलं,
डावा खांदा किंचित खाली.

मी जुनंच पान काढलं.
चोवीसच्या खाली चौतीस लिहिलं.
मधल्या आकड्यांना जागाच नव्हती.

"दुमड किती ठेवू रे?"
सवयीने तोंडातून निघून गेलं.
त्याने खिळ्यांकडे पाहिलं. बराच वेळ.
"नको, मा. आहे तेवढंच शिव."

पैसे पूर्ण दिले, आगाऊ.
एकोणचाळिसांतला तो पहिलाच.